‘ऑपेरा’चा स्वीकार : व्हिक्टोरियन लंडन आणि पश्चिम भारताची रंगभूमी

प्रास्ताविक

मराठी संगीत नाटकाच्या उगमाविषयी दोन मते दीर्घकाळ समोरासमोर उभी आहेत. पहिल्या मतानुसार पारशी मंडळींनी मुंबईत रूढ केलेला ‘ऑपेरा’ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटकाची कल्पना सुचली. सबब या नाट्यप्रकाराचे मूळ पाश्चात्त्य आहे. दुसरे मत कीर्तन, लळित, दशावतार, तंजावरची नाटके आणि संस्कृत रूपक यांकडे बोट दाखवते व परकीय प्रभाव नाकारते. पाठ्यपुस्तकांतून ही दोन्ही मते पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहेत. त्यांच्यात विरोध दिसत असला तरी दोहोंचे एक गृहीतक समान आहे. ते असे की, ‘ऑपेरा’ नावाची एक सिद्ध, निश्चित वस्तू युरोपात होती आणि ती एकतर जशीच्या तशी येथे आली किंवा आलीच नाही.

हे गृहीतकच तपासून पाहणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात ‘ऑपेरा’ हा शब्द आला तो प्रामुख्याने लंडनमार्गे. लंडनलाही ऑपेरा बाहेरून, इटलीतून आलेला होता. म्हणजे ज्यांच्याकडून हा शब्द आपल्याकडे पोहोचला, ते स्वतःच उसनवारी करणारे होते. त्यांनी ही उसनवारी कशी केली हे पाहिल्याशिवाय मुंबई-पुण्यात काय घडले याचा नीट उलगडा होत नाही.

लंडनमधील इटालियन ऑपेरा

हँडेलचे ‘रिनाल्डो’ १७११ मध्ये लंडनच्या हेमार्केट येथील नाट्यगृहात झाले आणि इटालियन भाषेतील ऑपेरा ही तेथील उच्चभ्रूंची करमणूक बनली. अवघ्या सतरा वर्षांत, १७२८ मध्ये, जॉन गे याने ‘बेगर्स ऑपेरा’ लिहून तिची यथेच्छ थट्टा केली. लोकांच्या ओठांवरच्या चाली, इंग्रजी पदे आणि मध्ये सरळ गद्य संवाद अशी त्या नाटकाची रचना होती. स्वीकार आणि विडंबन यांची ही जोडी व्हिक्टोरियन काळातही टिकून राहिली.

राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणानंतर हेमार्केटचे नाट्यगृह ‘हर मॅजेस्टीज’ या नावाने ओळखले जाऊ लागले. १८४७ मध्ये कॉव्हेंट गार्डनचे नाट्यगृह ‘रॉयल इटालियन ऑपेरा’ म्हणून नव्याने सुरू झाले. या नावातील ‘इटालियन’ हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा. येथे जे काही गायिले जाई ते इटालियनमध्येच गायिले जाई, मग मूळ कृती कोणत्याही भाषेतील असो. गूनोचे फ्रेंच ‘फाउस्ट’ १८६३ मध्ये लंडनला इटालियनमध्ये झाले. वाग्नेरचे जर्मन ‘लोहेनग्रिन’ १८७५ मध्ये कॉव्हेंट गार्डनला इटालियनमध्येच सादर झाले. यावर कडी म्हणजे बाल्फ या आयरिश संगीतकाराचे मूळ इंग्रजीतील ‘बोहेमियन गर्ल’ हे नाटक १८५८ मध्ये ‘ला झिंगारा’ या नावाने, इंग्रज प्रेक्षकांसाठी, इंग्रजीतून इटालियनमध्ये भाषांतरित होऊन रंगमंचावर आले. प्रेक्षकांपैकी बहुतेकांना ही भाषा कळत नसे. हातात इंग्रजी भाषांतराची पुस्तिका, अंगावर संध्याकाळचा औपचारिक पोषाख आणि बसावयास खाजगी कक्ष अशी ती संस्कृती होती. कॉव्हेंट गार्डनच्या नावातून ‘इटालियन’ हा शब्द गळाला तो १८९२ मध्ये.

त्याच शहरात, थोड्या अंतरावरच्या नाट्यगृहांत, हीच कथानके विडंबनरूपाने लोकांना पाहावयास मिळत. डब्ल्यू. एस. गिल्बर्टने दोनिझेत्तीच्या ‘एलिसीर दामोरे’वरून १८६६ मध्ये ‘डल्कामारा’ आणि बेलिनीच्या ‘नॉर्मा’वरून १८६९ मध्ये ‘प्रिटी ड्रुइडेस’ लिहिले. कोटीबाज इंग्रजी पदे, प्रचलित चाली आणि नटींनी वठविलेल्या पुरुषभूमिका असा त्यांचा थाट असे. गिल्बर्ट व सलिव्हन यांचे ‘पायरेट्स ऑफ पेन्झन्स’ एप्रिल १८८० मध्ये लंडनच्या रंगमंचावर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुण्यात ‘शाकुंतल’ झाले. या योगायोगाला अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. परंतु १८८० मध्ये लंडनमध्येसुद्धा ‘ऑपेरा’ म्हणजे नेमके काय याचे एक उत्तर नव्हते, हे त्यावरून लक्षात यावे.

व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हिआता’ची कथा याहून बोलकी आहे. १८५६ मध्ये हे नाटक लंडनला आले तेव्हा एका गणिकेचे जीवन रंगमंचावर दाखविल्याबद्दल वृत्तपत्रांतून गदारोळ उठला. नाट्यगृह मात्र भरतच राहिले. शब्द परक्या भाषेत असल्याने आणि संगीत मधुर असल्याने नीतीच्या प्रश्नाकडे काणाडोळा करता येत होता. मराठी वाचकाला येथे लावणी व बैठकीचे गाणे यांविषयीचा आपल्याकडील दुटप्पीपणा आठवल्यास नवल नाही.

या विषयाचा अभ्यास पूर्वी मुख्यत्वे संगीतकारांच्या व कृतींच्या अंगाने होत असे. कोणते नाटक लंडनला केव्हा आले, मूळ संहितेत काय कापले गेले, कोणत्या गायिकेने कोणती भूमिका केली, याच्या याद्या तयार झाल्या. त्यांचे मोल कमी नाही. गेल्या काही दशकांत मात्र अभ्यासकांचे लक्ष प्रेक्षागृहाकडे वळले. रॉबर्टा मोंतेमोर्रा मार्व्हिन यांनी व्हेर्दीच्या ऑपेरांची विडंबने हा दुय्यम माल नसून स्वीकाराचेच एक साधन होते असे दाखविले. जेनिफर हॉल-विट यांच्या २००७ मधील ग्रंथात लंडनच्या अभिजनांचे ऑपेरागृहातील वर्तन हाच अभ्यासविषय आहे. या संशोधनाचे फलित असे सांगता येईल की, स्वीकार ही निष्क्रिय घटना नसते. घेणारा समाज घेताना वस्तूच बदलतो. हेच सूत्र आपल्या प्रदेशाला लावून पाहिले तर काय दिसते?

मुंबईची वाट

मुंबईत १८४६ मध्ये जगन्नाथ शंकरशेट यांच्या जागेवर ग्रँट रोडचे नाट्यगृह उभे राहिले. इंग्रज हौशी मंडळींसाठी असलेल्या या रंगमंचावर १८५३ मध्ये विष्णुदास भाव्यांची मराठी नाटके झाली आणि त्याच वर्षी पारशी मंडळींनीही आपला खेळ केला. चौकटीचा रंगमंच, रंगविलेले पडदे, तिकिटांची प्रतवारी या सर्व गोष्टी येथल्या नाट्यव्यवसायात ऑपेरा हा शब्द रुळण्यापूर्वीच आलेल्या होत्या.

पुढील दोन दशकांत परिस्थिती वेगाने पालटली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाच्या भावाने मुंबईत अफाट पैसा आणला. या पैशाचा एक झरा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून वाहत होता हे येथे नमूद करावयास हवे. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडेच जाई. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर युरोपातील फिरत्या मंडळींना पूर्वेकडचा प्रवास सुकर झाला. कलकत्त्यात इटालियन मंडळींचे हंगाम १८६० च्या दशकातच होऊ लागले होते. थोडक्यात, ऑपेरा हा शब्द आगबोट, कापूस आणि रेल्वे यांच्या मार्गाने येथे आला.

तो प्रथम उचलला पारशी रंगभूमीने. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया नाटक मंडळीचे चालक दादाभाई सोराबजी पटेल यांनी १८७२ च्या सुमारास ‘बेनझीर बदरेमुनीर’ हे उर्दू नाटक ‘ऑपेरा’ म्हणून सादर केले. लेखक नसरवानजी मेरवानजी ‘आराम’. कथा दास्तानातली, भाषा उर्दू, संगीत हिंदुस्थानी. ‘ऑपेरा’ एवढ्याचसाठी की, पात्रे बोलण्याऐवजी गात होती. शब्दाची प्रतिष्ठा युरोपची आणि ऐवज पूर्णतः येथला, असा हा व्यवहार होता. त्यात फसवणूक पाहणे अन्यायाचे होईल. लंडनचा व्यवस्थापकही इंग्रजी नाटकाला इटालियन नाव देऊन तेच करीत होता.

याच मंडळींनी अमानतच्या ‘इंदरसभा’ला ऑपेरा म्हणून लोकप्रिय केले. लखनौत १८५० च्या दशकात रचलेल्या या नाटकाविषयीही एक गंमतीदार आख्यायिका प्रचलित होती. वाजिद अली शाहच्या दरबारातील एका फ्रेंच गृहस्थाने ऑपेराचे वर्णन केले आणि त्यावरून ‘इंदरसभा’ जन्मले, असे सांगितले जाई. मसूद हसन रिझवी यांनी लखनौच्या रंगभूमीवरील आपल्या संशोधनात ही कथा निराधार ठरविली. तिचा आधार गेला तरी ती इतकी वर्षे का टिकली, हा प्रश्न उरतोच. देशी नाट्यप्रकाराला मान मिळावा यासाठी त्याच्या जन्मकथेत एखादा युरोपीय साक्षीदार उभा करणे, ही त्या काळाची गरज होती असे दिसते.

पुणे, १८८०

किर्लोस्करांच्या जन्मकथेतही असा साक्षीदार आहे. पुण्यात पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहून त्यांना मराठीत असे काही करण्याची ईर्ष्या वाटली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. शंकर बापूजी मुजुमदार यांनी १९०४ मध्ये लिहिलेले किर्लोस्करांचे चरित्र आणि त्याच सुमारास, १९०३ मध्ये, प्रसिद्ध झालेला आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा ‘मराठी रंगभूमी’ हा ग्रंथ, ही या कालखंडाची प्रारंभीची साधने होत. हकीकत खोटी मानण्याचे कारण नाही. तिच्यातून काय सिद्ध होते, एवढाच प्रश्न आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. त्यापूर्वी १८७९ मध्ये सोकर बापूजी त्रिलोकेकर यांचे ‘नल-दमयंती’ हे पदयुक्त नाटक पुढे आले होते. अग्रपूजेचा मान कोणाचा हा वाद येथे बाजूस ठेवणे बरे. नाट्यरचनेच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा. भाव्यांच्या नाटकात गाण्याचा भार सूत्रधारावर असे. तो पदांतून कथा सांगे आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल ते गद्य बोलत. पारशी ऑपेरात पात्रे स्वतः गात, पण बहुधा गातच राहत. किर्लोस्करांनी पहिल्यातील सूत्रधाराचे गाणे पात्रांच्या मुखी दिले आणि दुसऱ्यातील अखंड गायन नाकारले. त्यांची पात्रे लिहिलेले गद्य बोलतात आणि पदेही गातात.

हा मध्यममार्ग त्यांना कोठे सापडला? उत्तर समोरच्या संहितेत आहे. कालिदासाचे नाटक गद्य आणि श्लोक यांच्या मिश्रणाने विणलेले आहे. किर्लोस्करांनी गद्याचे गद्य केले आणि श्लोकांची पदे केली. पदांसाठी साकी, दिंडी, कामदा, ओवी असे कीर्तनातून व पंडिती काव्यातून कानावर पडलेले छंद घेतले. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा जन्म असल्याने कानडी मुलखातील चालीही त्यांच्या परिचयाच्या होत्या. म्हणजे ऑपेराने त्यांना दिले ते धाडस. पात्राने रंगमंचावर स्वतः गावे आणि सुशिक्षितांनी ते प्रतिष्ठेने ऐकावे, एवढी परवानगी त्या शब्दाने मिळवून दिली. बांधणी भाषांतराच्या शिस्तीतून आली.

या निष्कर्षाची एक अनपेक्षित तुलना करून पाहता येते. फ्रांको आल्फानो या इटालियन संगीतकाराने याच नाटकावर ‘ला लेज्जेंदा दि साकुंतला’ हा ऑपेरा रचला. तो १९२१ मध्ये बोलोन्या येथे रंगमंचावर आला. (पुच्चिनीचे अपुरे ‘तुरांदोत’ पुढे पूर्ण करणारा तो हाच.) आल्फानोच्या कृतीत गद्याला स्थान नाही, वाद्यवृंदाच्या अखंड प्रवाहात शकुंतला आरंभापासून शेवटपर्यंत गाते. कालिदासाची एकच कथा खऱ्या इटालियन ऑपेराच्या साच्यात पडली की तिचे काय होते आणि मराठी संगीत नाटकात तिचे काय झाले, हे शेजारी ठेवून पाहिल्यास ‘उसनवारी’ या शब्दाचा जोर बराच ओसरतो.

गोमंतकीयांचा वेगळा अनुभव

किर्लोस्करांना ऑपेरा भेटला तो दोन-तीन हातांतून फिरून आलेला. इटालियन मंडळीशी थेट गाठ पडली ती मुंबईतील गोमंतकीयांची, आणि मराठी नाट्येतिहासात या प्रकरणाची जेवढी दखल घ्यावयास हवी होती तेवढी घेतली गेलेली नाही.

गोव्यातील चर्चसंलग्न शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचण्याचे व व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण मिळे. त्यामुळे मुंबईत नोकरीधंद्यासाठी आलेल्या गोमंतकीयांमध्ये वादकांची संख्या मोठी होती. बार्देशातील आसगावचे लुकाझिन्यो रिबेरो यांनी मुंबईत आलेल्या एका इटालियन ऑपेरा मंडळीचे खेळ पाहिले, तिच्यात पडद्यामागचे काम पत्करले आणि तिच्याबरोबर दौराही केला, असे तियात्राच्या इतिहासात सांगितले जाते. मंडळी देशाबाहेर निघाली तेव्हा त्यांनी तिच्याकडून काही पोषाख विकत घेतले. मुंबईला परतल्यावर सहकाऱ्यांसह त्यांनी ‘इटालियन भुरगो’, म्हणजे ‘इटालियन मुलगा’, हे कोकणी नाटक बसविले. १७ एप्रिल १८९२ रोजी न्यू आल्फ्रेड थिएटरमध्ये त्याचा प्रयोग झाला. कोकणी तियात्राचा आरंभ याच दिवसापासून मानला जातो. त्या पहिल्या संचातील जुआंव आगुश्तीन फेर्नांदिश पुढे तियात्राचे जनक म्हणून गौरविले गेले.

येथे संपर्क प्रत्यक्ष होता, पोषाख अस्सल होते, वादकांना युरोपीय स्वरलिपी वाचता येत होती, इतकेच नव्हे तर नाटकाच्या नावातच ‘इटालियन’ होते. इटालियन ऑपेराची हुबेहूब प्रतिकृती निर्माण व्हावयाची तर ती येथेच व्हावयास हवी होती. घडले भलतेच. तियात्राची जी घडण पुढे स्थिर झाली तीत गद्य नाटकाचे अंक असतात आणि अंकांच्या मधल्या जागेत ‘कांतारां’, म्हणजे गाणी, येतात. त्यांचा कथानकाशी संबंध असेलच असे नाही. गावची भानगड, राजकारण, घरभाडे, सासू-सून असा कोणताही विषय त्यात येतो. ट्रम्पेट आणि ड्रम यांची साथ असते. ऑपेरात कथा गाण्यातून पुढे सरकते. तियात्रात गाणे कथेला थांबवून समाजाशी बोलते. अस्सल इटालियन पोषाख अंगावर चढवूनही गोमंतकीयाने आपल्या मांडाची व जागराची सवय सोडली नाही. पुण्यातील अप्रत्यक्ष स्वीकार आणि मुंबईतील प्रत्यक्ष स्वीकार या दोहोंचा शेवट याप्रमाणे देशी बांधणीतच झाला, ही बाब प्रभावाच्या सिद्धान्ताला विचारात पाडणारी आहे.

वन्समोअर आणि नायिका

बांधणी देशी राहिली, तरी प्रेक्षागृहातील रीतिरिवाज मात्र सहज उचलले गेले. आवडलेले पद पुन्हा म्हणावयास लावण्यासाठी लंडनचा प्रेक्षक ‘आँकोर’ असे ओरडे. हा शब्द फ्रेंच. पण फ्रेंच आणि इटालियन प्रेक्षक या प्रसंगी ‘बिस’ म्हणतात. मराठी प्रेक्षकाने ‘वन्समोअर’ हा इंग्रजी शब्द घेतला, जो इंग्रजांच्या नाट्यगृहात रूढ नव्हता. उसना शब्द मूळ मालकाला ओळखू येऊ नये, असा हा न्याय दोन्ही ठिकाणी सारखाच दिसतो.

अर्थ मात्र बदलला. इटलीत तोस्कानिनीने या प्रथेला नाट्याचा भंग मानून विरोध केला आणि १९०३ मध्ये ला स्काला येथे प्रेक्षकांच्या हट्टामुळे प्रयोग सोडून तो निघून गेला. तेथे पुन्हा गाणे म्हणजे तेच गाणे पुन्हा गाणे होते. येथे वन्समोअर घेणारा गायक नट तेच पद नव्या आलापांनी, नव्या जागांनी फुलवीत असे. रागसंगीताच्या बैठकीत जे स्वाभाविक, ते वन्समोअरच्या निमित्ताने नाटकात शिरले. रात्ररात्र चालणाऱ्या नाटकांविषयी पुढे टीकाकारांनी तक्रार केली ती योग्यच होती. पण नाट्यसंगीत ही स्वतंत्र गायनशैली म्हणून उभी राहिली त्यात या तक्रारयोग्य सवयीचाही वाटा आहे.

नायिकेचेही तसेच. आदेलिना पात्ती १८६१ मध्ये कॉव्हेंट गार्डनला प्रथम गायिली आणि पुढे अनेक वर्षे लंडन तिच्या नादी होते. रंगमंचावरील स्त्रीविषयीची शंका आणि गायिकेची पूजा या दोन्ही भावना व्हिक्टोरियन समाजात एकत्र नांदत. मराठी रंगभूमीने यातील शंका कायम ठेवली आणि पूजा पुरुषाला अर्पण केली. १८८२ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेले भाऊराव कोल्हटकर शकुंतला आणि सुभद्रा झाले. १९०५ नंतर ते स्थान बालगंधर्वांकडे आले. त्यांच्या लुगड्यांची, अंबाड्याची व दागिन्यांची नक्कल घरोघरच्या स्त्रिया करीत. ऑपेरागृहाने जे वैभव गायिकेच्या स्वाधीन केले ते येथे स्त्रीपार्टी नटाला मिळाले. यात गुणी गायिकांवर झालेला अन्याय झाकण्यासारखा नाही. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तोपर्यंत अर्धे शतक उलटून गेले होते.

संगीतही एका जागी थांबले नाही. नागपुरात जन्मलेले आणि पुढे वऱ्हाडात वकिली केलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी ‘वीरतनय’ (१८९६) या नाटकातून पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या चाली मराठीत आणल्या. किर्लोस्करांनी पारशी ऑपेराची कल्पना घेऊन चाली सोडल्या होत्या. सोळा वर्षांनी विदर्भाच्या या नाटककाराने नेमक्या चालीच घेतल्या. परंपराभिमानी रसिक त्यावर नाराज झाले. १९११ मध्ये ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या संगीताने तोंड पुन्हा रागदारीकडे वळविले. डॉ. अशोक रानडे यांनी १९८६ मधील आपल्या ग्रंथात महाराष्ट्राच्या रंगमंचीय संगीताचा स्वतंत्र विचार मांडला आहे. ऑपेराचे अभ्यासक आणि नाट्यसंगीताचे अभ्यासक यांनी एकमेकांची पुस्तके वाचावयाची झाल्यास तेथून आरंभ करणे सोयीचे ठरेल.

‘मानापमान’ रंगमंचावर आले त्याच १९११ साली मुंबईत पंचम जॉर्जच्या हस्ते रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्घाटन झाले. मॉरिस बँडमन हा नाट्यव्यवसायी आणि जहांगीर फ्रामजी कराका हा पारशी व्यापारी यांची ती योजना होती. इमारतीचे काम तेव्हा पुरे झालेले नव्हते. ते संपेपर्यंत युरोपातील युद्ध जवळ आले आणि सिनेमाही आला. ऑपेरासाठी बांधलेल्या या वास्तूत ऑपेरा थोडा झाला. मराठी व पारशी-गुजराती नाटके आणि नंतर बोलपट यांनी ती गजबजली. ‘ऑपेरा हाऊस’ हे त्या भागाचेच नाव होऊन बसले. हिऱ्यांच्या व्यापाऱ्यांना आणि लोकलच्या प्रवाशांना त्या शब्दाचा अर्थ माहीत असण्याची गरज उरली नाही. १९९३ मध्ये बंद पडलेले हे नाट्यगृह जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडले, तेव्हा तेथे गाण्यासाठी पॅट्रिशिया रोझारिओ या गोमंतकीय वंशाच्या, मुंबईत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये नाव मिळविलेल्या गायिकेस पाचारण करण्यात आले होते.